मामांची जीप

ही गोष्ट खरं तर नोव्हेंबर २०२५मधली. तेव्हाच लिहायची होती, पण आधी रिलीज, मग रिलीजनंतरचे बग, मग आळस... असो. आज शनिवार आहे, चहा झालाय, लिहूनच टाकतो.

एका शुक्रवारी रात्री मामीचा फोन आला. "मामा जीप भंगारात द्यायची म्हणतायत. तू येऊन बघ एकदा." मामी उगाच फोन करणाऱ्यातली नाही. पहाटे निघालो. (चाकणच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे :) ) मंचरला डावीकडे वळलो आणि नऊच्या सुमारास घोडेगावात पोचलो. जीप गोठ्याच्या शेजारी पत्र्याखाली उभी होती, आणि तिच्या बोनेटवर कांद्याची रिकामी पोती.

आता थोडं गाडीबद्दल. महिंद्राची एमएम ५४०, १९९० सालची. प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन, फोर बाय फोर, वर ताडपत्रीचा टप, मागे समोरासमोर दोन बाकडी. एसी म्हणजे बाजूची ताडपत्री वर गुंडाळणे. याच गाडीवर मामांनी वीस-बावीस वर्षं वडाप केलं. मंचर, घोडेगाव, शिनोली, डिंभे, तळेघर. खासगी पासिंगच्या गाडीत भाडं घेणं बेकायदा, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आठ जणांच्या गाडीत सोळा जण, दोघे मागे लटकलेले, टपावर हिरड्याची पोती. सुट्टीत गेलो की माझी जागा ठरलेली, ड्रायव्हर आणि पुढच्या माणसांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याला चिकटून. मामा गिअर टाकायच्या आधी म्हणायचे, "पाय घे." मी पाय घ्यायचो. आजही ते आठवून मजा वाटते, आणि घाटातली ती वळणं आठवली की पोटात गोळाही येतो. जुन्या दिवसांबद्दल लिहिताना फक्त पहिली गोष्ट लिहायची पद्धत आहे. मला दोन्ही लिहाव्याशा वाटल्या.

माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी या गाडीने भरली आहे, हेही लिहून ठेवतो.

तर, जीप भंगारात का? १९९०ची नोंदणी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. म्हणजे २००५, २०१०, २०१५, २०२० आणि आता २०२५. त्यात ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीची नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. मी मनातल्या मनात म्हटलं, दहा हजारच ना? मी भरतो. प्रश्न सुटला. आम्हा आयटीवाल्यांना प्रश्न असे पटकन सुटल्यासारखे वाटतात.

इथे थोडं विषयांतर. २०२३मध्ये मी प्रोजेक्टसाठी सहा महिने डेट्रॉइटजवळ होतो. तिथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५पासून दरवर्षी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. हो, जत्राच. लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर बसतात आणि समोरून मस्टँग, कॅमेरो, जीटीओ गुरगुरत जातात. आमच्या टीममधल्या एका निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याकडे १९७०च्या दशकातली प्लिमथ डस्टर होती. मी त्याला विचारलं, हीच का? तो म्हणाला, कारण बाकीच्या परवडल्या नाहीत.

त्याने मग मला सांगितलं की या 'मसल कार' मुळात श्रीमंतांसाठी नव्हत्याच. साध्या, मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन कोंबायचं, बाकी चैनीच्या गोष्टी काढून टाकायच्या आणि तरुण पोरांना परवडेल अशा भावात विकायचं. १९६८ची प्लिमथ रोड रनर तीन हजार डॉलरच्या आत मिळायची, ६.३ लिटरचं इंजिन आणि ३३५ हॉर्सपॉवर. आज चांगल्या अवस्थेतली रोड रनर घ्यायची तर घर गहाण ठेवावं लागेल. म्हणून परवडणारं काहीतरी शोधायचं, स्वतः गॅरेजमध्ये झोपून दुरुस्त करायचं आणि वर्षातून एकदा त्या रस्त्यावरून मिरवायचं.

आमच्याकडे अमेरिकन गाडी म्हणजे काय? विचार करताना लक्षात आलं, आमची अमेरिकन गाडी गोठ्याशेजारी उभी आहे की! १९४५मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४७पासून मुंबईत माझगावला अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. ओहायोतल्या टोलेडोची ती जीप. १९५३मध्ये विलिसने नवं इंजिन आणलं, ते आधीच्यापेक्षा उंच होतं, म्हणून बोनेट उंच करावं लागलं. ते 'हाय बोनेट' मॉडेल अमेरिकेत १९६८ला बंद पडलं, पण आपल्याकडे त्याचं घराणं पुढे कितीतरी वर्षं नांदलं. मामांची ५४० त्याच घराण्यातली. हॉर्सपॉवर साठच्या आसपास, म्हणजे मसल वगैरे काही नाही. पण डिंभ्याच्या पुढे पावसाळ्यात ३३५ हॉर्सपॉवर घेऊन करणार काय? चिखलात जास्त वेगाने रुतणार.

हे सगळं ज्ञान मी चहा पिताना मामांना ऐकवलं. मग मुद्द्यावर आलो. "मामा, आपण ती रिस्टोअर करू. कंपनीतून आली तशी. पन्नास वर्षं झाली की व्हिंटेजमध्ये नोंदवता येते. २०२१मध्ये नियम झालाय. वीस हजार भरायचे, दहा वर्षं चिंता नाही."

"मग चालवायला मिळंल?"

"प्रदर्शनाला, रॅलीला वगैरे. रोजच्या वापराला नाही."

मामा हसले. "म्हणजे २०४० साली मी तिला नुसती दाखवायला न्यायची. आन् तोवर टमाटे नारायणगावला काय डोक्यावर न्यायचे?"

गप्प बसलो. मग कळलं की गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. पुण्याची दोन पोरं, माझ्याच वयाची, जीपच्या नादाची. एक लाख सत्तर हजार देत होती. प्यूजोचं इंजिन काढून दुसरं जोरदार टाकणार, रुंद टायर लावणार, रविवारी डोंगरात नेणार. मला ती पोरं मनातून आवडली, खोटं कशाला बोलू. मूळ रचना बदललेली गाडी नोंदवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्येच स्पष्ट केलंय, ते त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. आणि भंगारवाला देत होता पंचेचाळीस हजार.

"मग भंगारात का? सव्वा लाखाचा फरक आहे मामा!"

मामा काही बोलले नाहीत. उठून बैलांना वैरण टाकायला गेले. उत्तर मामीने दिलं. "दुसऱ्याच्या हातात त्यांना बघवायची नाय. मोडलेली चालंल." आणि मग हळूच, "गुडघा गेलाय त्यांचा. क्लच दाबवत नाय. तुला सांगू नको म्हणले होते."

म्हणजे प्रश्न दहा हजारांचा नव्हताच.

मला ३० जुलै २०१४ आठवला. माळीण. सकाळी डोंगर खाली आला आणि गाव चिखलाखाली गेलं. १५१ माणसं गेली. पुढचे चार-पाच दिवस मामा जीप घेऊन डिंभे ते आडिवरे रस्त्यावर होते. मदतीची माणसं नेत होते, भाकरी नेत होते. येताना काय आणत होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी गाडी तीन वेळा धुतली, एवढं मामी सांगते. ही गाडी पुण्याच्या पोरांना विकली की त्यांच्या लेखी ती 'नव्वद मॉडेल, फोर बाय फोर' होणार. त्यांची चूक काहीच नाही. मीही तासभर आधी तिला टोलेडो आणि हॉर्सपॉवरमध्येच मोजत होतो.

संध्याकाळी मामांना म्हटलं, "पासिंग करून घेऊ. चालवायला मी शिकतो. दर दुसऱ्या शनिवारी येईन."

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, हे त्यांना ठाऊक आहे. "हीटर मारल्याबिगर चालू व्हायची नाय," एवढंच म्हणाले. म्हणजे होकार.

पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही बोनेटखाली होतो. गावातल्या मिस्त्रीने ब्रेक केले, पाट्यांचे बुश बदलले, लाइट सरळ केले. तपासणीला पहिल्या खेपेस हँडब्रेक धरेना म्हणून परत आलो. दुसऱ्या खेपेस पास. आता थेट २०३०.

परत येताना शिनोलीच्या अलीकडे मामांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि दुसऱ्या बाजूने येऊन बसले. मी स्टिअरिंगवर. पहिल्या चढाला गाडी तीनदा बंद पडली. मागून एसटी हॉर्न देत होती. चौथ्यांदा दांडा सापडेना, चाचपडत हात गेला तो मामांच्या गुडघ्यावर, त्याच दुखऱ्या.

"पाय घ्या मामा," मी म्हटलं.

त्यांनी पाय घेतला.