खोडवा

यकृताच्या कर्करोगाची स्लाइड आली की माझी नजर गाठीपेक्षा तिच्या शेजाराकडे आधी जाते. साताऱ्याहून, सांगलीहून मिरजेला आमच्याकडे येणारा बायॉप्सीचा तुकडा दोऱ्याएवढा. त्याला रेटिक्युलिनचा रंग दिला की निरोगी भागात पेशींच्या रांगांना धरून असलेले काळे धागे दिसतात. गाठीत ते विरलेले असतात. निदान बहुधा तिथंच होतं. पण कडेच्या तंतूंत लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी दाटलेल्या असतात. बी प्रकारच्या काविळीनं, दारूनं किंवा चरबीनं वर्षानुवर्षं धुमसत ठेवलेला हा दाह. मी घुटमळते ती तिथं.

गाठीतल्या मोजक्या पेशी मूळ पेशींच्या (स्टेम सेल) वळणाच्या असतात. साध्या गुलाबी-निळ्या रंगात त्या वेगळ्या ओळखूही येत नाहीत. गाठ कापली तरी मागे राहिलेल्या अशा पेशी उसाच्या खोडव्यासारख्या पुन्हा फुटतात, आणि त्यांना पाणी मिळतं ते या दाहातून. मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-६ हे निरोप पोचवणारं प्रथिन सोडतात. ते पेशीला येऊन चिकटलं की आतलं स्टॅट-३ हे प्रथिन जागं होतं, केंद्रकात शिरतं आणि पेशीला जगवणारी, वाढवणारी जनुकं चालू करतं. उंदरांत तर गाठ होण्याआधीच्या पूर्वज पेशी पुढं इंटरल्यूकिन-६ स्वतःच बनवू लागतात.

सांगलीत हे सांगितलं की प्रश्न ठरलेला: “मग मॅडम, हळद?” हरिपूरच्या हळदीच्या पेवांच्या मुलखात तो रास्तच आहे. दाह पेटवणाऱ्या एनएफ-कॅप्पा-बी या प्रथिनाला हळदीतलं कर्क्युमिन रोखतं, हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये. खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या गोळ्यांनी तर काहींच्या यकृतालाच इजा झाली. आमटीतली हळद खुशाल खावी, गोळ्यांच्या नादी लागू नये.

शिवाय इंटरल्यूकिन-६ मुळात वैरी नाहीच. ते नसलेल्या उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढल्यावर उरलेलं नीट वाढलं नाही, हे १९९६ मध्येच दिसलं होतं. यकृताला सावरणारा निरोपच गाठीलाही पोसतो. तो सरसकट तोडायचा कसा? त्यापेक्षा दाह पेटूच न देणं मला जास्त पटतं. तैवाननं १९८४ पासून नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस दिली आणि तिथल्या मुलांतला यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडे ती देशभर पोचली २०११ मध्ये. माझ्या टेबलावर येणारे तुकडे त्याआधी जन्मलेल्यांचे. म्हणून बी काविळीचा विषाणू आढळलेला असेल तर रिपोर्टाखाली मी एक ओळ जोडते: घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची) तपासणी करून घ्यावी.