पडवीतली गोष्ट

रत्नागिरीच्या घरी पडवीत बसून मी नातीला गोष्टी सांगते. सूनबाई त्या यूट्यूबवर ठेवते. ‘आई, “मुलांसाठी” अशी नोंद केली, तर अभिप्राय बंद होतील, जाहिरातींची मिळकतही घटेल,’ ती म्हणाली. दूरच्या श्रोत्यांचे दोन शब्द माझ्या एकाकी दुपारचे औषधच होते. पण पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये अमेरिकेत गूगलने १७ कोटी डॉलर भरले, त्यातूनच हे नियम आले. आपला २०२३ चा कायदाही १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. माझ्या विरंगुळ्याची किंमत लेकरांनी का मोजावी? मी नोंद करायला सांगितली. आता गोष्टीला शेजारच्या वैनींनाही बोलावते. अभिप्राय पडवीतच मिळतो.