अंश आणि रेडियन

आकाशमार्गें मुंबईपासून पुणें किती दूर? उभय शहरांचे अक्षांश-रेखांश डेटाबेसांत भरून आम्हीं हा प्रश्न केला, तों उत्तर सुमारें ७,००० किलोमीटर आलें! आम्ही यंत्रास हंसलों. पडताळ्यासाठीं ३० चें साइन विचारलें, ०.५ ऐवजीं −०.९८८ आलें. तेव्हां उमज पडला कीं, आमचे अंश तें रेडियन समजत होतें. १८० अंश म्हणजे सुमारें ३.१४१६ रेडियन. मग सूत्रांतील प्रत्येक कोनास ‘रेडियन्स’ हें फलन लावतांच अंतर सुमारें १२० किलोमीटर आलें. यंत्र चुकलें नव्हतें. आम्हींच एककाचा विचार केला नव्हता. विद्यार्थिमित्रहो, उत्तरांत एकक गाळल्याबद्दल गुरुजींनीं गुण कापले कीं आम्ही रुसत असूं. तो रुसवा त्या दिवशीं ओसरला.