सुई काय म्हणतीया

मी भूलतज्ज्ञ आहे. सातारा जिल्ह्यात गेली 23 वर्षं लोकांना झोपवते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उठवते. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या क्षेत्राविषयी लिहा' असा निरोप आला, तेव्हा यंत्रांविषयी लिहावं असं आधी ठरवलं होतं. लिहायला बसले आणि आज्जी आठवली.

बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी आम्ही कमरेतून एपिड्युरल देतो. सुई कातडी आणि चरबी ओलांडून दोन मणक्यांमधल्या चिवट बंधांत शिरते. त्यांतला शेवटचा लिगामेंटम फ्लेवम, म्हणजे पिवळा पट्टा. त्याच्या पलीकडे काही मिलिमीटरची फट, आणि फटीच्या पलीकडे मज्जारज्जूच्या पाण्याभोवतीचं आवरण. औषध त्या फटीत पडायला हवं. अलीकडे राहिलं तर कळा थांबत नाहीत. आवरणाला भोक पडलं तर बाळंतिणीचं डोकं असं दुखतं की बाळाला पाजायला उठून बसवत नाही. बहुतेकांत ही जागा कातडीपासून 4 ते 5 सेंटिमीटरवर सापडते, पण प्रत्येक पाठ वेगळी.

फिडेल पागेस या स्पॅनिश लष्करी सर्जननं 1921 मध्ये कमरेतून अशी भूल देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्या दशकात इटलीच्या दोग्लिओत्ती यांनी तिला एक खूण मिळवून दिली. सुईला सिरिंज जोडायची आणि दट्ट्यावर अंगठ्याचा दाब ठेवायचा. सुई पट्ट्यात असेपर्यंत दट्ट्या अडून बसतो, आणि पट्टा ओलांडला की एकदम सैल पडतो. आम्ही आजही हेच करतो. वाचून समजायला पाच मिनिटं लागतात, बोटांना समजायला महिने.

मला ते लवकर जमलं. आमच्या मॅडमनी विचारलं, "आधी कुठं केलंयस का?" मी नाही म्हटलं. ते खरं नव्हतं, हे फार वर्षांनी कळलं.

आठवीपासून दर उन्हाळ्यात मी आज्जीबरोबर गोधड्या शिवायला बसत असे. खाली-वर लुगडं, मध्ये धोतराचे, सदऱ्यांचे, पोलक्यांचे तुकडे. एक हात वर सुई धरायला, दुसरा गोधडीखाली, टोक कुठं निघतंय ते चाचपायला. मी जोर लावून सुई खुपसत असे आणि खालचं बोट रक्ताळत असे. आज्जी म्हणायची, "पोरी, ढकलू नगंस. सुई काय म्हणतीया ते ऐक." जुन्या धोतरात सुई लोण्यासारखी जाते, शिवणीच्या जाड पट्टीशी अडते, ती ओलांडली की हाताला हलका झटका देते. त्या झटक्याच्या क्षणी हात थांबला नाही तर बोट गेलंच. एपिड्युरल देताना माझा डावा हात रोग्याच्या पाठीला टेकलेला असतो आणि सुईला लगाम घालतो. तो हात आज्जीनं तयार केला. तिला सही येत नव्हती. कागदावर ती अंगठा उठवायची.

कानांचं शिक्षण आईकडे झालं. ऑपरेशन थिएटरमध्ये सतत जो टूंटूं आवाज येतो तो पल्स ऑक्सिमीटरचा. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये या यंत्रामागची कल्पना मांडली. त्याच्या आवाजात एक सोय आहे: रक्तातला प्राणवायू उतरू लागला की सूरही उतरतो. पडद्याकडे पाठ असली तरी कळावं, म्हणून.

एकदा दुर्बिणीतून पित्ताशय काढणं चाललं होतं. पोटात वायू भरला, टेबल तिरकं केलं, सगळे आपापल्या कामात. मी सलाइन बदलत होते आणि मान आपोआप वळली. सूर किंचित बसला होता. वायूच्या दाबानं छातीचा पडदा वर सरकतो, त्याबरोबर श्वासनलिकेचा फाटाही वर येतो आणि घातलेली नळी कधी कधी उजव्या फुप्फुसात उतरते. डावं फुप्फुस उपाशी राहतं. नळी दोन सेंटिमीटर मागे घेतली आणि सूर जागेवर आला. सर्जनना कळलंही नाही.

आई दिवाळीत कढईकडे पाठ करून करंज्या लाटत बसायची आणि मला झाऱ्या देऊन चकल्यांवर बसवायची. तेलात चकली पडली की आधी मोठा कल्ला होतो. आतलं पाणी उडून जाईल तसतसा आवाज बारीक होत जातो. लाटणं न थांबवता आई म्हणायची, "काढ आता." मी रंग बघत असायची, ती आवाज. हात एका कामात आणि कान दुसऱ्या कामात ठेवायचे, ही सवय मला त्या ओट्याशी लागली. नाहीतर सतत वाजणारा आवाज माणसाला थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो.

प्रश्न कसा विचारावा, हे मात्र सासरच्या स्वयंपाकघरानं शिकवलं. भूल दिली की खोकण्याची-गिळण्याची राखण सुटते आणि पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. मेंडेलसन या डॉक्टरांनी 1946 मध्ये बाळंतिणींमधल्या अशा घटनांचा अभ्यास मांडला. तेव्हापासून उपाशीपोटाचे नियम कडक होत गेले. आजचा हिशेब असा: नितळ पाणी 2 तास आधीपर्यंत, हलकं खाणं 6 तास, तेल-तुपाचं 8 तास. दुधाचा चहा 6 तासांच्या खात्यात. आता कल्पना करा, मी एका काकूंना विचारते, "उपाशी आहात ना?" आणि त्या खरं तेच सांगतात, "हो, चतुर्थी आहे आज." म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी झालेली, दाण्याचं कूट, साजूक तूप, वर बटाटा. मराठीत उपास म्हणजे खाण्याचा एक प्रकार आहे, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. सासूबाईंच्या एकादशा मी पाहिलेल्या, म्हणून माझा प्रश्न बदलला: "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" मग चहा निघतो, मिश्री निघते, देवाचा प्रसाद निघतो. प्रसाद तर कुणी खाण्यात धरतच नाही.

इथवर वाचून घर म्हणजे मोठं विद्यापीठ असा समज होईल, तर थांबा. घरानं मला एक घातक गोष्टही शिकवली. आईच्या फडताळातल्या एकाही डब्याला चिठ्ठी नव्हती. तिसऱ्या फळीवर डावीकडे हळद, शेजारी धणेपूड. जागा चुकायची नाही, म्हणून हात चुकायचा नाही. शिकाऊ असताना मीही सिरिंजा अशाच मांडत असे, क्रमानं, बिननावाच्या. एका रात्री ट्रे पुसायला कुणी तरी उचलला आणि उलटा ठेवला. मी हात घातला, सिरिंज सलाइनच्या नळीला जोडली, आणि सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हे झोपेचंच ना?" ते स्नायू लुळे करणारं औषध होतं. जाग्या माणसाला ते गेलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं आणि श्वास घेता आला नसता. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाचीच नाही. त्या दिवसापासून औषध भरायच्या आत मी चिठ्ठी लावते. झोपेच्या औषधाला पिवळी, स्नायू सैल करणाऱ्याला लाल, अफूच्या कुळातल्याला निळी. हे रंग जगभर ठरलेले आहेत. घरचा 'अंदाज' मिठाला चालतो. इथं किलोमागे मिलिग्रॅम.

शेवटचा धडा मी बाकावर बसून घेतला. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या शहरात ऑपरेशन झालं, आणि मी बाहेर, हातात त्यांची कवळी आणि चष्मा घेऊन. दीड तासानं दार उघडलं आणि कुणी तरी ओरडलं, "यांच्याबरोबर कोण आहे?" आत काय चाललं असेल याचा मिनिटामिनिटाचा हिशेब मला ठाऊक होता, तरी पाय लटपटले. एक औषध खालून आणायचं होतं, एवढंच. आता रोग्याला आत नेण्याआधी मी नातेवाइकांजवळ मिनिटभर थांबते: "सुरू व्हायलाच अर्धा तास जाईल. मध्ये कुणी हाक मारली तर घाबरू नका, बहुतेक वेळा औषध किंवा सही हवी असते." निम्म्यावर निरोप पाठवते. हे मिनिट कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत.

नव्या शिकाऊ डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी विचारते, "घरी हातानं काय करता?" मुलं ओशाळतात. काहींना खरंच काही सांगता येत नाही, कारण दहावीपासून त्यांना कुणी ताटसुद्धा उचलू दिलेलं नसतं. एकानं खाली मान घालून सांगितलं, घरचं फुलांचं दुकान, लहानपणापासून गजरे बांधले. त्याचा हात बघा. नळीची गाठ ओल्या हातमोज्यातही निसटत नाही. पण अर्जात त्यानं ते लिहिलं नव्हतं. बायकांची आणि दुकानातली कामं आपण शिक्षणात मोजतच नाही.

तेव्हा एवढंच सांगते. या दिवाळीत घरातल्या बारावीच्या मुलाला किंवा मुलीला तासभर पुस्तकावरून उठवा आणि चकल्यांच्या कढईशी उभं करा. घड्याळ लावू नका, आवाज ऐकायला सांगा. पहिला घाणा करपेल. तो न कुरकुरता खा.