गणेशखिंडीतील एक सकाळ

वाचकहो, आपल्या घरातील वृद्धांना त्यांच्या तरुणपणीच्या विद्यापीठाच्या आवारात एकदा अवश्य घेऊन जा.

माझ्या यजमानांना सकाळची गोळी घेतली की नाही, हे आठवत नाही. नातवाचे नावही अधूनमधून निसटते. परंतु गेल्या हिवाळ्यात पुणे विद्यापीठात पाऊल ठेवताच ते माझ्या पुढे चालू लागले. एकेकाळी गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान असलेली आणि १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याची ओळख बनलेली मुख्य इमारत त्यांनी लांबूनच दाखवली. पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांच्या नावाच्या ग्रंथालयाकडे जाताना तर कोणाला वाटही विचारली नाही. मेसचे पैसे संपल्यावर केवळ चहावर काढलेले दोन दिवस त्यांनी रंगवून सांगितले. (४८ वर्षांच्या संसारात ही हकीकत मी प्रथमच ऐकली!)

यात चमत्कार नाही. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी उतारवयात अधिक ठळकपणे हाती लागतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. अशा भेटीने विस्मरणाचा आजार बरा होत नाही. मन मात्र काही काळ उजळते.

'आठवते का?' अशी परीक्षा तेवढी घेऊ नका. सांगतील ते ऐका. साल चुकले तरी चुकू द्या.

निघण्यापूर्वी आम्ही झाडाखाली बसलो होतो. त्यांनी आदराने विचारले, "तुमचा विभाग कोणता?"

"मराठी," मी म्हणाले.

"मग आपली गाठ पडायला हवी होती."