गिअरबॉक्सची कुरकुर

वाहन दोन लाख किलोमीटर धावले, की त्याचा गिअरबॉक्स बोलू लागतो. ते बोलणे न ऐकताच सबंध गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या जीपलाही मिळाला. तेवढा खर्च आम्हांला झेपणारा नव्हता. मालवणातील एका वृद्ध मेस्त्रीने मात्र सांगितले, "फादर, क्लच दाबून बघा, आवाज जाता काय?"

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच सोडल्यावर घरघर व दाबताच शांतता, तर दोष आत शिरणाऱ्या शाफ्टच्या किंवा त्याच्याबरोबर फिरणाऱ्या खालच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. दाबल्यावरच आवाज आला, तर बहुधा क्लचचे बेअरिंग गेलेले. आमची घरघर दाबताच थांबली. पुढे कसालच्या रस्त्यावर जीप तिसऱ्या गिअरपर्यंत कण्हली आणि चौथ्यात निवळली. या जीपच्या चौथ्या गिअरमध्ये वरचे शाफ्ट थेट जोडले जातात, खालच्यावरचा भार उतरतो. म्हणजे दुखणे तळमजल्यावर! उतरवलेल्या तेलात चुंबक फिरवला, त्याला पोलादाचे कण चिकटले.

असे बेअरिंग तसेच ठेवले, तर शाफ्ट डळमळतो आणि चांगले दातेही झिजतात. रात्री-अपरात्री ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात माणसे नेणारी हीच गाडी. मिरगाआधीच आम्ही ती दोन बेअरिंगे बदलून घेतली.