कुणी म्हटलंच नव्हतं

आमच्या परसातला मोगरा आईच्या हातचा. थंडी सरता सरता ती त्याची छाटणी करते, उरलीसुरली जुनी पानं ओरबाडते, मुळाशी शेणखत घालते. मग चैत्रात कोवळ्या धुमाऱ्यांना कळ्या धरतात. मोगरा उमलतो रात्री, म्हणून दोऱ्यात ओवायचा तो मिटलेला असतानाच. ऊन कललं की आई टपोऱ्या कळ्या खुडायला बसते. बाबा होते तोवर पहिला गजरा तिच्या अंबाड्यावर असायचा. ते गेल्यावर पहिला देवाला, दुसरा शेजारच्या सुनेला, तिसरा मला. तिच्या वाट्याला बोटांना राहिलेला वास.

तिला कुणी ‘नको’ म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. “वन्संना काय वाटेल,” एवढंच ती एकदा पुटपुटली होती.

२०२२चा मे महिना. आत्या लोणच्याच्या कैऱ्या चिरायला आली होती. आईनं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला होता : नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

आत्यानं विळी आडवी केली. “अगं, तू फूल माळत नाहीस, म्हणून मी कधी विषय काढला नाही. म्हटलं, तुला उगीच दुखेल.”

आई तिच्याकडे बघत राहिली. “मी तुमच्यासाठी नव्हते माळत, वन्सं.”

नऊ वर्षं! दोघी एकमेकींचं मन जपत होत्या, आणि त्या जपण्यात एकीचे नऊ उन्हाळे सुकून गेले. मीही तिथंच होते. तिसरा गजरा हातात घेताना ‘तुला नको का गं?’ एवढं मी एकदाही विचारलं नाही. तिची इच्छाच मेली असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आई ज्या लोकांना भ्यायची, ते लोक आम्हीच होतो.

जिथं हात धरून बांगड्या फोडतात, तिथं ठरावच हवा. पण आमच्या घरात कुणी हात धरलाच नव्हता. न बोललेल्या शब्दाला आईनं आज्ञा मानलं होतं, आणि तिच्या गप्प राहण्याला आम्ही तिची मर्जी. एका साध्या प्रश्नानं ही गाठ सुटली असती.

त्या संध्याकाळी आईनं एक गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. सकाळी तो पुरता उमलला होता. बाजाराला निघताना तिनं तो माळला. फाटकाशी क्षणभर थांबली, अंबाड्याला हात लावला, आणि बाहेर पडली.

शेजारची सून अंगणात सडा घालत होती. तिनं मान वर करून पाहिलं.

“काकू, काल माझा गजरा राहिला ना?”

“संध्याकाळी ये,” आई म्हणाली. “कालचा पहिला माझा होता.”